आईला सांगायचं राहून गेलं

स्त्रोंबोली, ६ ऑक्टोबर २००२

मेना,

तू जितके दिवस इथे राहिलीस, तितकेच दिवस तुला जाऊन झाले. सतरा. सुखरूप पोहोचल्याचा फोन लुसीनं केला. "आई झोपली आहे, मावशी," म्हणाली. मी म्हटलं, झोपू दे. पण तुझ्या लेकीला खोटं बोलता येत नाही, हे तुला सांगून ठेवते. मागून तुझ्या खोकण्याचा आवाज येत होता.

महिनाभर राहायचं म्हणून आलीस आणि अठराव्या दिवशी पहिल्या बोटीनं निघून गेलीस. मी उठून बघते तर तुझ्या खोलीचं दार सताड उघडं आणि चादर घडी करून ठेवलेली. गावात मी सांगितलं की मेलबर्नहून तातडीचा फोन आला. दोघी-तिघींना सांगितलं की टाकीचं पाणी तुला बाधलं. वेळेला जे सुचलं ते सांगितलं.

बाकी सगळं ठीक. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या मिलानवाल्यांची घरं बंद करून किल्ल्या माझ्याकडे आल्या आहेत. अकरा घरं आहेत या वर्षी. दर शनिवारी जाऊन खिडक्या उघडायच्या, वारा खेळवायचा, परत लावायच्या. अंजिरं वाळवून झाली. तुझ्यासाठी एक डबा भरला होता, तो अजून फडताळात आहे. पाठवू का? तिकडे विमानतळावर असलं काही आत सोडत नाहीत म्हणालीस, म्हणून विचारते.

पोरं तुझी अजून नक्कल करतात. वाईट अर्थानं नाही गं. एकसष्ट साली तू इथून जी भाषा घेऊन गेलीस, ती जशीच्या तशी परत आणलीस. इथे आता सगळे टीव्हीसारखं बोलतात. तू दुकानात जाऊन खडीसाखरेला आजीचा शब्द वापरलास, तेव्हा दुकानदाराची पोरगी तोंडाला हात लावून हसली. मला मात्र आई आतल्या खोलीतून बोलतेय असं वाटलं. फक्त एकच गोष्ट तू तिकडे विसरलीस. तू त्याला 'ज्वालामुखी' म्हणायला लागलीस. इथे अजून कुणी म्हणत नाही. इथे तो 'तो'च आहे. आज तो शांत आहे, काल त्यानं राख टाकली, माझे कपडे त्यानं परत धुवायला लावले.

तुला आठवतं, फिकोग्रांदेला पोहायला गेलो तो दिवस? म्हणजे तू पोहायला आणि मी बघायला. साठ वर्षांची बाई निळा पोहण्याचा पोशाख घालून काळ्या वाळूवरून तुरुतुरु चालत गेली आणि पाण्यावर उताणी पडून राहिली! तिथली म्हातारी लिबोरिया तिच्या गच्चीवरून दुर्बीण लावून बघत होती, माहितीये? तू हाक मारलीस, "ओर्सा, ये ना, पाणी सुपासारखं कोमट आहे!" मी घागरा गुडघ्यापर्यंत धरून उभी राहिले. जन्म बेटावर गेला, पण गुडघ्याच्या वर समुद्र मी कधी येऊ दिला नाही. तू पोहत आलीस, माझे पाय धरलेस आणि म्हणालीस, "किती पांढरे गं हे. पाद्र्याच्या पायांसारखे." एवढं हसून मला कित्येक वर्षं झाली होती.

आणि ती संध्याकाळ, वर वेधशाळेच्या वाटेवर गेलो ती. सूर्य नुकताच बुडाला होता. तू गुडघे दुखतात म्हणून दर वळणावर बसत होतीस आणि दर वेळी आजूबाजूच्या दगडांना इंग्रजीत शिव्या देत होतीस. मग त्यानं पहिला लाल फवारा उडवला आणि शिव्या तिथेच राहिल्या. माझा हात धरलास. लहानपणी धरायचीस तसा, फक्त दोन बोटं. दुसऱ्या फवाऱ्यापर्यंत आपण दोघी मनात आकडे मोजत होतो, हे मला तुझ्या ओठांवरून कळलं. दोघींचे सातशेच्या पुढे गेले, हो ना?

गच्चीत बसून आपण मिठातल्या केपरच्या कळ्या निवडत होतो, तेव्हा तू आईचं विचारलंस. शेवटी तिनं तुझं नाव काढलं होतं का म्हणून. मी म्हटलं, शेवटी शेवटी ती कुणाशीच बोलत नव्हती. तू मान डोलावलीस आणि परत कळ्या निवडायला लागलीस.

हे मी का लिहिलं, कुणास ठाऊक.

पत्र लिही. फोनवर मला बोलायला सुचत नाही.

तुझी
ओर्सोला


स्त्रोंबोली, ३ नोव्हेंबर २००२

मेना,

काल मृतांचा दिवस होता. वरच्या दफनभूमीत जाऊन आईबाबांची फरशी धुतली, शेवंती ठेवली. तुझ्या नांदोसाठीही एक मेणबत्ती लावली. नवऱ्याला तू मेलबर्नला पुरलंस म्हणून काय झालं, पोरगा इथलाच होता. पाव विकणाऱ्या बाईनं विचारलं, "बहिणीचं पत्र आलं का?" मी म्हटलं, हो आलं, मजेत आहे.

तर हे आणखी एक.

तू पाण्यामुळे गेली नाहीस, ते मला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी पावाच्या दुकानापुढच्या बाकावर काय झालं, ते मला शब्द न् शब्द आठवतंय. लिबोरिया टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तू समोर आलीस तशी तिनं तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय गं मेना, थोरलीच्या ताटातलं उचलून खाल्लंस, ते छान पचलेलं दिसतंय की तुला! गाल बघा हिचे!" बायका हसल्या. कुणी दुष्टाव्यानं नाही हसलं. गावाला ही गोष्ट इतकी वर्षं पाठ आहे की आता ती चेष्टाच झाली आहे.

तू हसली नाहीस. माझ्याकडे बघितलंस.

मी पाव उलटा करून तो खालून करपलाय का, ते बघत होते.

एवढंच झालं. घरी येऊन जेवलीस, भांडी पुसलीस, "झोपते" म्हणालीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

मी आता हे कागदावर लिहिते. आजपर्यंत कधी लिहिलं नाही, मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नाही.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत नांदोचा काका आपल्याकडे आला. नांदोचं मेलबर्नला फळांचं दुकान आहे, त्याला गावातली मुलगी हवी आहे, म्हणाला. बाबांनी माझं नाव सांगितलं. मी थोरली, एकवीस वर्षांची. शेजारच्या लिपारी बेटावर काढलेला माझा फोटो पाठवायचा ठरला. त्याला पसंत पडला की तिकडून कागद येणार, इथल्या चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी त्याचा काका उभा राहणार आणि मी लग्न झालेली बाई म्हणून एकटी जहाजात बसणार. कितीतरी पोरी तशाच गेल्या.

मेना, मला भीती वाटली. दुसरं काही नाही. माझं कुणावर मन नव्हतं, नांदोबद्दल तक्रार नव्हती. मला फक्त जायचं नव्हतं. एक महिना नुसतं पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे असं घर, जिथे आपल्या डोंगराची गुरगुर ऐकू येणार नाही. बाबांना सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी तुझ्या पाया पडले. गोठ्यामागे, लिंबाखाली. तू एकोणीसचीसुद्धा नव्हतीस. म्हटलं, "तुझा फोटो जाऊ दे. तो तुलाच मागेल. तू धीट आहेस." मग म्हणालीस, "आईला काय वाटेल?" आणि मी म्हटलं, "तू जहाजात बसलीस की त्याच आठवड्यात मी आईला सगळं सांगीन. शपथ."

माझा फोटो काढून तुझा आत घातला आणि लिफाफा मी चिकटवला. माझ्या जिभेला त्या डिंकाची चव लागली होती.

कागद आले आणि त्यावर माझ्याऐवजी तुझं नाव, 'फिलोमेना', निघालं, तेव्हा बाबांनी तुला मारलं. आई म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं नशीब चोरलंस." तू माझ्याकडे बघितलंस. तशीच, बाकापुढे बघितलंस तशी. लग्नाला आई चर्चमध्ये आली नाही. धक्क्यावरही आली नाही.

आणि मी त्या आठवड्यात सांगितलं नाही. पुढच्याही नाही. गावातल्या बायका घरी येत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत, "बिचारी ओर्सोला" म्हणत. लग्नात मला केकची पहिली ताटली वाढत. मी बिचारी झाले आणि मला ते बरं वाटलं. घे. लिहून टाकलं.

ओर्सोला


स्त्रोंबोली, ८ डिसेंबर २००२

मेना,

पत्र पोहोचलं नसेल, असं मी स्वतःला सांगते. पण आपल्या टपालवाल्यानं मला पावती दाखवली.

रागावून दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. शिव्या दे, इंग्रजीत दे, मी लिपारीच्या आपल्या चुलत भाचीकडून अर्थ लावून घेईन.

इथे थंडी पडली आहे. तो हल्ली जास्त बोलतो. काल माझी खिडकी दोनदा हलली.

ओर्सा


लिपारी, ५ जानेवारी २००३

मेना,

लुसीला आपल्या जुसीनं फोन केला, म्हणजे मी जिवंत आहे हे तुला कळलं आहे. टीव्हीवर दाखवतात तेवढं काही नाही. कुणी मेलं नाही. मी लिपारीला भाचीच्या, जुसीच्या घरी आहे, गावातले बहुतेक सगळे इकडेच आलेत.

काय झालं ते सांगते. तीस तारखेला सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला मी फिकोग्रांदेला मिलानवाल्यांच्या एका घरात खिडक्या उघडत होते. दोन दिवस आधीपासून त्यानं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लाव्हा सोडला होता, सगळे काळजीत होते. लिबोरिया शेजारच्या घराच्या पायरीवर उन्हात बसली होती. सत्याहत्तर वर्षांची आहे आता, काठीशिवाय उठता येत नाही. मला हाक मारून म्हणाली, "ओर्सोला, बघ गं, समुद्राला काय झालं?"

समुद्र मागे गेला होता. जिथे तू उताणी पडून तरंगत होतीस ना, तिथले दगड उघडे पडले होते, त्यांवर शेवाळ चमकत होतं. आवाज नव्हता. मेना, मला काही कळलं म्हणून नव्हे, फक्त ते दगड मी जन्मात कधी पाहिले नव्हते म्हणून मी घाबरले. किल्ल्या तिथेच टाकल्या आणि लिबोरियाला दंडाला धरून उठवलं. "अगं, काठी!" म्हणाली. "मसणात जाऊ दे काठी!" मी म्हटलं. तिच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते.

गल्लीच्या चढावर आम्ही अर्ध्यात होतो, तेव्हा मागून आलं. लाट अशी नव्हतीच ती. समुद्र नुसता चालत वर आला, बोटी, कुंपणं, रिक्षा घेऊन. माझ्या कमरेपर्यंत आला. गुडघ्याच्या वर कधी येऊ दिला नव्हता मी. एका हातानं लोखंडी फाटक धरलं, दुसऱ्यानं लिबोरियाला. ती "हे पवित्र माते, हे पवित्र माते" म्हणत होती आणि मधेच "माझा हात मोडशील, गाढवे!" असंही. पाणी उतरलं तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती आणि माझ्या मुठीत तिच्या बाहीचं कापड. आम्ही वर चढत सुटलो. थोड्याच वेळात दुसरं पाणी आलं, तोवर आम्ही वर चर्चच्या चौकात पोहोचलो होतो.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

काल इथे आपल्या गावासाठी प्रार्थना झाली आणि नंतर चर्चच्या दालनात सगळ्यांना कॉफी-बिस्किटं. लिबोरिया पायाला पट्टी बांधून मधोमध बसली होती, आणि जो येईल त्याला तीच कहाणी. शेवटी तिनं माझा हात धरून उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही बाई देवमाणूस आहे. सख्ख्या बहिणीनं हिचा नवरा पळवला, तरी कधी वाकडा शब्द नाही. आणि परवा स्वतःचा जीव धोक्यात घालून मला ओढलं. अशा बाईला संसार मिळाला नाही आणि त्या—"

मी म्हटलं, "लिबोरिया, गप्प बस."

मी उभीच होते, तशीच बोलले. "मेनानं काही पळवलं नाही. मला जायचं नव्हतं. मी तिच्या पाया पडले. तिचा फोटो मी घातला, लिफाफा मी चिकटवला. घरी सगळं सांगेन अशी शपथ घेतली आणि सांगितलं नाही. एवढी वर्षं तिनं माझ्यासाठी बोलणी खाल्ली आणि तुमच्या हातचा केक मी."

फादर कॉफीच्या कपात बघत बसले. मग लिबोरिया म्हणाली, "म्हणजे? एकेचाळीस वर्षं प्रत्येक बारशाला, लग्नाला पहिली ताटली मी तुला कशाबद्दल वाढली?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. लिबोरिया सोडून. तिनं माझा हात सोडला नाही, पण जोरात चिमटा काढला. नंतर जाताना कानात म्हणाली, "त्या पोरीला मी बाकावर काय काय बोलले गं. मला पत्ता दे तिचा." मी दिला आहे. तिची माफी येईल तेव्हा घाबरू नकोस, अक्षर भयंकर आहे.

हे झालं गावाचं. ते सोपं होतं, मला आता कळतंय. अवघड ते पुढे आहे.

गच्चीत तू आईचं विचारलंस, त्याला मी जे उत्तर दिलं ते खोटं होतं.

पहिली तीन वर्षं आईनं तुझी पत्रं फोडू दिली नाहीत. चौथ्या नाताळाला स्वतःच म्हणाली, "वाच." तिला वाचता येत नव्हतं, सगळं माझ्याच हातात. मी वाचायचे. तुझं दुकान, लुसीचा जन्म, नांदोचा संधिवात. आणि जिथे तू लिहायचीस, 'ओर्सा, आता तरी आईला सांग', तिथे मी पान उलटायचे. दर वर्षी तू ते लिहिलंस. दर वर्षी मी ते गिळलं.

शेवटच्या आजारपणात, अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, ती अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, "कागद घे. माझ्या धाकटीला लिही. लिही की मी तिला माफ केलंय. आणि लिही की तिकडे थंडी असेल तर पायात लोकरीचं घालून झोपत जा, तिचे पाय लहानपणापासून गार पडतात."

मी कागद घेतला. पेन हातात धरलं. जे तू केलंच नव्हतंस, त्याची माफी मी कशी लिहायची? खरं सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नव्हतं, आणि खरं सांगायला तोंड उघडेना. मी नुसतं पेन कागदावर फिरवलं. आईला वाटलं मी लिहिलं. समाधानानं झोपली. पाच दिवसांनी गेली.

तिच्या तोंडी शेवटी तूच होतीस. मी ते पंचवीस वर्षं तुझ्यापासून दडवून ठेवलं.

हे पत्र वाचल्यावर तू मला पुन्हा कधी लिहिलं नाहीस तरी मला कारण कळेल.

ओर्सोला


स्त्रोंबोली, १६ मार्च २००३

मेना,

तुझं पत्र काल आलं. कालपासून मी ते इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवर कागद विरायला लागला.

आम्ही फेब्रुवारीत परतलो. घराला काही झालं नाही, फक्त आत राखेचा पातळ थर. फिकोग्रांदेची दोन घरं गेली. किल्ल्या चिखलात सापडल्या, अकरापैकी नऊ.

तू लिहितेस, 'सगळा दोष एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस, तेवढी मोठी तू नाहीस.' तू लिहितेस की मी लिफाफा चिकटवायच्या आधी, मी आत कात्री आणायला गेले तेव्हा, तू फोटोच्या मागे दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मला मागा. मला दुकानात काम करायला आवडेल.' अगं! नांदोनं तो फोटो चाळीस वर्षं पाकिटात ठेवला होता, म्हणतेस. म्हणजे तुला जायचं होतं! मी लिंबाखाली रडत तुझे पाय धरत होते आणि तू आतून निघायला तयार! वाचता वाचता मी एकटीच स्वयंपाकघरात 'चोरटी! चोरटी!' म्हणून ओरडले. मग रडले. मग अंडं तळून खाल्लं, कारण दिवसभर पोटात काही नव्हतं.

तू सुखी होतीस, असं लिहितेस. नांदो चांगला होता, तुझ्यासाठी पहाटे बाजारातून येताना पीच बाजूला काढून ठेवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! पण आधी मी विचारलंच कुठे. मला वाटायचं, विचारलं तर तू म्हणशील की तुझं आयुष्य मी नासवलं. म्हणून मी कायम हवापाण्याचंच लिहायचे.

पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुझं अक्षर बदललं आहे. पेन दाबून लिहिलं आहेस. 'फोटोचं मी कधीच सोडून दिलं. आईचं मात्र मला गिळता येत नाही, ओर्सा. पंचवीस वर्षं मला वाटत होतं की ती माझ्यावर रागावून मेली. लुसीच्या लग्नात मी आनंदानं नाचू शकले नाही. त्याचं काय करायचं, मला माहीत नाही. माफी मागू नकोस. मागितलीस तर मला काहीतरी म्हणावं लागेल आणि ते मला आत्ता म्हणता येणार नाही.'

मागत नाही.

'मी जूनमध्ये येते आहे,' असंही लिहितेस. 'तुझ्यासाठी नाही. आईसाठी.'

ये. खोली तयार आहे. कुणासाठीही ये.

ओर्सा


स्त्रोंबोली, ११ जून २००३

मेना,

तू शेजारच्या खोलीत दुपारची झोपली आहेस. दार अर्धवट उघडं आहे, घोरणं ऐकू येतं. आपल्या दोघींत सहा पावलांचं अंतर आहे आणि मी पत्र लिहिते आहे. सवय आहे, दुसरं काय. समोरासमोर माझ्या तोंडून फक्त 'आणखी वाढू का?' एवढंच निघतं.

एप्रिलमध्ये त्यानं पुन्हा दगड फेकले, लुसी तुला सोडायला तयार नव्हती, तरी आलीस. आल्यापासून चार दिवस तू माझ्याशी चांगलं बोललीस, पाहुणीसारखं. 'थँक्यू' म्हणालीस कॉफी दिल्यावर. मला ते कसं लागलं, तुला काय सांगू.

काल सकाळी तू म्हणालीस, "चल." कुठे ते मी विचारलं नाही. वरच्या दफनभूमीपर्यंत तू पुढे आणि मी मागे. आईच्या फरशीपुढे तू उभी राहिलीस, खूप वेळ. तिच्या फोटोवरची धूळ रुमालानं पुसलीस. मला वाटलं तू रडशील. रडली नाहीस. वळून मला म्हणालीस, "तू शपथ घेतली होतीस."

मी म्हटलं, "हो."

"मग सांग तिला."

"आत्ता?"

"एकेचाळीस वर्षं झाली, ओर्सा. आणखी कधी?"

मी हात पुढे बांधले. शाळेत कविता म्हणायला उभं करतात, तशी उभी राहिले. म्हटलं, आई, मेनाचा फोटो मी पाठवला. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

तू म्हणालीस, "मोठ्यानं. तिला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही."

मेना, मी ओरडले. त्या टेकाडावर, सायप्रसच्या झाडांमध्ये, खाली समुद्रापर्यंत जाईल असं ओरडून सगळं सांगितलं. भीती वाटली ते सांगितलं. पानं उलटली ते सांगितलं. कागदावर नुसतं पेन फिरवलं ते सांगितलं. पलीकडे फुलांना पाणी घालणारा माणूस झारी खाली ठेवून टोपी काढून उभा राहिला, त्याला वाटलं असेल कुणी आत्ताच गेलंय. शेवटी मला बोलायचं काही उरलं नाही, तरी माझं तोंड उघडंच होतं.

तू फरशीच्या कडेला बसलीस. म्हणालीस, "आता तिचं मला सांग. ती म्हणाली तसं सांग. तिच्याच शब्दांत."

मी सांगितलं. पायात लोकरीचं घालायचं तेही.

तेव्हा तू रडलीस. मी जवळ आले तर हातानं थांबवलंस. मी थांबले. आपण दोघी तशाच बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. ऊन तापलं, तेव्हा तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "घरी काय आहे खायला?" मी म्हटलं, वांगी. तू म्हणालीस, "परत वांगी?" आणि उठायला मला हात दिलास.

तू मला माफ केलं आहेस का, मला माहीत नाही. काल रस्त्यात विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही, आणि या पत्रातही विचारत नाही. जेवताना तू म्हणालीस की तिकीट पुढे ढकलायला लुसीला फोन करायचा आहे. कितीपर्यंत ते सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, पण बाजारातून दोन किलो पीठ जास्त आणलं आहे.

घोरणं थांबलं. तू कूस बदललीस वाटतं. हे पत्र तुझ्या चपलांवर ठेवते. वाचून झालं की बाहेर ये, पत्रावर काही बोलली नाहीस तरी चालेल. मी कॉफी ठेवते आहे. ती घेतल्यावर मात्र थँक्यू म्हणू नकोस.

ओर्सा